‘या वयात’ ठिपक्यांचा कार्डिगन

बिबट्याच्या ठिपक्यांचा विणीचा कार्डिगन पन्नाशी-साठीच्या बाईने जरूर घालावा, असं माझं ठाम मत आहे. सहलीपुरता नाही, पहाटेच्या अंधारात फिरायला जातानाही नाही. बँकेत, देवळात, नातवाच्या शाळेत, केळवणाला, चारचौघांत घालावा. मत साधंच आहे. पण गेल्या काही हिवाळ्यांत या एका कपड्यावरून बायकांनी बायकांना जे ऐकवलं ते माझ्या कानांवर आलं आहे, म्हणून ते वर्तमानपत्रात लिहावंसं वाटलं.

मी नाशिकची. आमच्याकडे थंडी खरी पडते. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की राज्यभर बातमी होते, द्राक्षबागांमध्ये शेतकरी पहाटे शेकोट्या पेटवून धूर करतात आणि आम्ही शहरातल्या बायका कपाटातून स्वेटर काढतो. ते स्वेटर एकदा नीट बघा. मरून, बिस्किटी, राखाडी, फार तर बाटलीहिरवा. विशीतल्या मुली पोपटी, गुलाबी, पट्टे, ठिपके सगळं घालतात. चाळिशी ओलांडली की अंगावरचा रंग उतरायला लागतो आणि साठीपर्यंत पार फिका होतो. कुणी सक्ती करत नाही. ‘वयाला शोभेल असं’ एवढं कुणीतरी म्हणतं आणि बाई मुकाट्याने ऐकते.

मी विणकाम शिकवते. आधी सुयांवरचं शिकवत होते, मग घरगुती निटिंग मशीन आलं, आता दोन्ही चालतं. त्यामुळे स्वेटर दिसला की माणसाच्या चेहऱ्याआधी माझी नजर त्याच्या विणीकडे जाते. आमच्या शेजारच्या वहिनी मागच्या थंडीत एक कार्डिगन घेऊन माझ्याकडे आल्या. दिवाळीनंतर तिबेटी विक्रेत्यांचे स्टॉल लागतात ना, तिथून घेतलेला. गवती पिवळ्या अंगावर तपकिरी-काळे ठिपके, पुढून उघडा, सहा बटणं, कमरेच्या थोडा खाली येणारा.

“ताई, हा तुमच्या क्लासमधल्या एखाद्या मुलीला देऊन टाका. माझ्या वयाला शोभत नाही म्हणे.”

“कोण म्हणालं?”

“जाऊबाई. भिशीत, सगळ्यांसमोर. ‘या वयात हे काय?’ म्हणाल्या.”

“आणि तुम्हाला काय वाटतं?”

“मला आवडला म्हणूनच घेतला ना.”

मग तो कुणालाही द्यायचा नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांच्या चार साड्या मागवून घेतल्या आणि त्यांना आरशासमोर उभं केलं. त्या दुपारी आम्ही जे करून पाहिलं ते पुढे सांगतेच. त्याआधी ‘भडक’ या आरोपाचं बघू, कारण जाऊबाईंच्या बोलण्याच्या मुळाशी तोच होता.

बिबट्याच्या अंगावर ठिपके असतात ते त्याने दिसू नये म्हणून. वाळल्या गवतात, झाडाखालच्या उन्हा-सावलीत, उसाच्या पाचटात तो दोन हातांवर बसलेला असला तरी माणसाला दिसत नाही. ज्या नक्षीच्या जोरावर एवढं मोठं जनावर लपतं, ती नक्षी भडक कशी असेल? तिच्यातले रंग बघा. वाळल्या गवताचा पिवळा, मातीचा तपकिरी, सावलीचा काळा. लाल नाही, निळा नाही, चमक तर अजिबात नाही. दुरून पाहिलं की हे तिन्ही एकमेकांत मिसळतात आणि एक उबदार तपकिरी दिसतो. म्हणून मी माझ्या विद्यार्थिनींना एकच गोष्ट सांगते: हा कार्डिगन तपकिरी आहे असं समजा. तपकिरी स्वेटरवर जे जे घातलं असतं, ते ते याच्यावर घाला. गोंधळ तिथेच संपतो.

आणि काळ्या-सोनेरी रंगांचा मेळ आपल्याला परका थोडाच आहे? आपल्याकडे पिढ्यानपिढ्या बाईच्या गळ्यात तोच असतो. मंगळसूत्रातले काळे मणी आणि सोनं ठिपक्यांच्या कार्डिगनवर इतके सहज बसतात, की वहिनींनी आरशात पाहिलं तेव्हा पहिली त्यांच्या लक्षात आली ती हीच गोष्ट. “वेगळं काही घालायलाच नको की गळ्यात,” म्हणाल्या. खरंच नको. मोत्याची माळ, खड्यांचा सेट, चमकती पिन या कपड्यावर जास्त होतात. सोनं आणि काळे मणी पुरतात. ज्या मंगळसूत्र घालत नाहीत त्यांनी साधी सोन्याची किंवा पितळेची साखळी घालावी.

ही नक्षी फॅशनमध्ये मानाने आणली ती पॅरिसने. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी ख्रिस्तियान डिओरने आपला पहिला संग्रह दाखवला, त्यात बिबट्याची नक्षी छापलेले पोशाख होते. त्याआधी ती मुख्यतः कातड्याच्या रूपात, श्रीमंतांच्या कोटांवर दिसायची. त्याने ती साध्या कापडावर उतरवली. त्याच डिओरने १९५४ मध्ये फॅशनवर एक छोटा कोश लिहिला आणि गोऱ्या, गोड चेहऱ्याच्या बायकांनी या नक्षीच्या वाटेला जाऊ नये असा त्यात सल्ला दिला. हा सल्ला आपल्या पथ्यावर पडणारा आहे. पांढऱ्याफटक गळ्याजवळ काळे ठिपके एकदम उठून येतात, चेहरा मागे राहतो. गव्हाळ किंवा सावळ्या गळ्याजवळ तोच गवती पिवळा उजळतो आणि ठिपके शांत होतात. वहिनी चांगल्या सावळ्या आहेत. आयुष्यभर त्यांना ‘तुला फिके रंगच चालतील’ असं सांगितलं गेलं. हा कार्डिगन त्यांच्या अंगावर जितका खुलला तितका माझ्या क्लासमधल्या कुठल्याही गोऱ्या मुलीच्या अंगावर खुलला नसता, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं आणि इथेही लिहिते.

आता विणीकडे येते, कारण खरेदीत बायका फसतात त्या इथे. ठिपक्यांचा कार्डिगन दोन प्रकारे होतो. एका प्रकारात साधं पिवळं किंवा पांढरं विणलेलं कापड घेऊन त्याच्यावर ठिपके छापतात. दुसऱ्यात ठिपके विणीतच येतात. ट्युनिसमध्ये जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये नावारूपाला आलेल्या अझेदिन अलायाने १९९१ च्या हिवाळी संग्रहात बिबट्याची नक्षी अशी थेट विणीत आणली आणि अंगाला घट्ट बसणारे पोशाख केले. त्यांचे फोटो आजही काढून पाहावेत. ठिपका अंगाबरोबर ताणला जातो, वळतो, पण तुटत नाही. छापलेल्या ठिपक्याला हे जमत नाही.

विणीतला ठिपका तयार होतो जॅकार्ड पद्धतीने. मशिनवर प्रत्येक सुईला प्रत्येक ओळीत ठरवून दिलेलं असतं, आता पिवळा धागा घ्यायचा, आता काळा. ज्या रंगाची पाळी नाही तो धागा मागच्या बाजूने पुढे जातो. हातावर विणताना आम्ही आलेखाच्या कागदावर चौकोन भरून हेच करतो, फक्त एका ओळीला पाच मिनिटं लागतात आणि दोन गुंड्या सतत एकमेकींत गुंततात. आपल्या देशातलं बहुतेक मशिनवरचं लोकरी काम लुधियानात होतं, आणि तिबेटी विक्रेतेही बराचसा माल तिथूनच आणतात.

तेव्हा दुकानात कार्डिगन हातात आला की आधी तो उलटा करा. आत नक्षीची सावली दिसली, रंग अदलाबदल होऊन आलेले दिसले, बारीक दाणे-दाणे दिसले, तर ठिपके विणलेले आहेत. आत कोरं पांढरं किंवा नुसतं पिवळं असेल तर छापलेले. मग कोपराजवळची बाही दोन्ही हातांनी ताणा. छापलेल्या मालात टाक्यांच्या फटींतून पांढरं डोकावतं. एका हिवाळ्यात कोपर, कमर आणि बटणपट्टी या तीन जागा कायमच्या पांढुरक्या दिसायला लागतात. छापील कार्डिगन स्वस्त मिळतो हे खरं, पण त्याचं आयुष्य ते तेवढंच.

विणलेलाही डोळे झाकून घेऊ नका. बाहीत हात घालून बोटं फिरवा. मागचे धागे लांब लोंबते सोडलेले असतील तर अंगठी अडकते, पाटल्या अडकतात, आणि प्रत्येक वेळी हात घालताना एखादा धागा ओढला जाऊन पुढचा ठिपका वेडावाकडा होतो. बांगड्या घालणाऱ्या बाईने ही परीक्षा केल्याशिवाय पैसे देऊ नयेत. चांगल्या मालात मागचे धागे जागोजागी विणीत पकडलेले असतात आणि आतली बाजू जवळजवळ पुढच्याइतकीच सपाट लागते. तीन रंगांचा जॅकार्ड मात्र जड होतो. ज्यांचे खांदे दुखतात त्यांनी दोन रंगांचा घ्यावा.

पुढची गोष्ट नक्षीची, आणि यात मला सगळ्यात जास्त रस आहे. खऱ्या बिबट्याच्या अंगावर सगळे ठिपके सारखे नसतात. कुशीवर आणि पाठीवर मोठी, मध्ये तुटलेली कडी असतात, आत जरा गडद पिवळा. डोक्यावर, गळ्यावर, पायांवर बारीक भरीव ठिपके. शेपटीच्या टोकाकडे तर ठिपक्यांचे पट्टे होतात. ॲलन ट्युरिंगने १९५२ मध्ये प्राण्यांच्या अंगावर नक्षी कशी उमटत असेल याचं गणित मांडलं होतं. पुढे जेम्स मरे या गणितज्ञाने त्याच वाटेने जाऊन दाखवलं, की अंग निमुळतं होत गेलं की ठिपक्यांना जागा उरत नाही आणि त्यांचे आडवे पट्टे होतात. बाही हा कार्डिगनचा निमुळता भाग. ज्या कारागिराने पाठीवर मोठी कडी, बाहीवर बारीक ठिपके आणि मनगटाच्या रिबला साधे पट्टे किंवा नुसता काळा रंग ठेवला असेल, त्याने एकतर जनावर पाहिलं आहे किंवा त्याची नजर उत्तम आहे. असा कार्डिगन मिळाला तर सोडू नका. याउलट चार-चार बोटांवर तोच तो डाग, त्याच कोनात, ओळीने येत असेल तर नक्षी मेलेली दिसते. जंगलात कुठल्याही दोन बिबट्यांचे ठिपके सारखे नसतात, वनविभागाचे लोक कॅमेऱ्यातल्या फोटोंवरून बिबट्या ओळखतात ते त्यामुळेच. मशिनच्या कामात नक्षी पुन्हा येणारच, पण ती निदान वीतभर अंतराने यावी. आणि बटणं लावल्यावर डावी-उजवीकडची नक्षी पट्टीपाशी कशी भेटते ते बघा. अर्धा ठिपका इकडे, तिकडे नुसतं पिवळं, असं असलं तर समोरून बघणाऱ्याची नजर पोटावर जाऊन थांबते. काळी साधी बटणपट्टी असली की हा प्रश्न सुटतो.

आता वहिनींच्या साड्या. पहिली त्यांनी हौसेने पैठणी पुढे केली. पैठणीच्या पदरावर मोर, मुनिया, नारळी काठ. तिला स्वतःलाच इतकं सांगायचं असतं की शेजारी ठिपके उभे राहूच शकत नाहीत. पैठणीवर साधी काळी किंवा मातकट शाल घ्यावी, कार्डिगन नाहीच. दुसरी नारायणपेठ, अंगभर चौकडी. चौकडी आणि ठिपके एकत्र आले की डोळ्याला त्रास होतो. तिसरी बांधणीची. बांधणीही ठिपक्यांचीच, आणि ठिपक्यांवर ठिपके नकोत. चौथी होती साधी मरून सुती साडी, बोटभर काळ्या काठाची. तिच्यावर कार्डिगन चढवला आणि आम्ही दोघी गप्प झालो. इतका तो शोभून दिसला. अंग साधं, एकरंगी, काठ अरुंद, कापड सुती किंवा मातीच्या पोताचं रेशीम, हे चार धरून चालायचं. मरून, काळा, बाटलीहिरवा, विटकरी, गडद जांभळा, साईच्या रंगाचा, यांतलं काहीही. झगझगीत जर आणि निऑन रंग सोडून द्या.

स्वेटर साडीवर घालायचा कसा, याचा विचार आपल्याकडे कुणी करतच नाही. बहुतेक जणी पूर्ण साडी नेसून, पदर लावून, वरून स्वेटर चढवतात. पदराच्या निऱ्या आत कोंबल्या जातात, डाव्या खांद्यावर उंचवटा येतो, बाई आहे त्याहून जाड दिसते. कार्डिगन पुढून उघडतो, त्याचा फायदा घ्या. परकर-पोलकं झालं की आधी कार्डिगन घाला, वरची दोन बटणं सोडून बाकीची लावा, मग साडी नेसून पदर त्याच्यावरून घ्या. पुढच्या बाजूला अर्धं अंग पदराखाली जातं. दिसतात दोन बाह्या, उजवी बाजू आणि थोडी पाठ. ठिपके नेमके हवे तेवढे उरतात. जाऊबाईंना भिशीत जे सगळं अंगावर आल्यासारखं वाटलं होतं, ते यामुळे निम्म्याने कमी होतं. पोलकं आखूड बाहीचं घ्या, नाहीतर काखेत गोळा होतो. पदराला पिन लावताना ती विणीच्या मधोमध टोचू नका, टाका तुटला तर खाली उसवत जातो. खांद्याच्या शिवणीतून पिन घ्या, तिथे वीण दुहेरी आणि पक्की असते.

पायांत कोल्हापुरी. वनस्पतींच्या सालींनी कमावलेल्या चामड्याचा तो तांबूस-तपकिरी रंग या कार्डिगनच्या खाली असा बसतो, की मुद्दाम जुळवून आणल्यासारखं वाटावं. पर्स साधी. ठिपक्यांच्या पर्सचा, ठिपक्यांच्या ओढणीचा, ठिपक्यांच्या चपलांचा मोह पडतो, दुकानदार सेट करून विकतात, घेऊ नका. एका वेळी अंगावर एकच जनावर असावं.

ज्या कुर्ता किंवा पँट घालतात त्यांच्यासाठी काम सोपं आहे. काळा किंवा साईच्या रंगाचा सरळ कुर्ता, गडद निळी जीन्स, वर उघडा सोडलेला कार्डिगन, झालं. ऑफिसला काळ्या पँटवर आणि पांढऱ्या शर्टावर तो कोटाच्या जागी चालतो. झेब्र्याचे काळे-पांढरे पट्टे मात्र मला अवघड वाटतात. त्यांत माती नाही, नुसता विरोध आहे, आणि जाड विणीत ते अंग रुंद करतात. ज्यांचे केस पूर्ण पांढरे झाले आहेत आणि ज्यांना पिवळा नको वाटतो, त्यांनी हिमबिबट्याची राखाडी नक्षी शोधावी. पांढऱ्या केसांना ती फार सुरेख दिसते.

एका गोष्टीवर मला जरा थांबून बोलायचं आहे. हा कपडा विणीचा आहे, म्हणजे तो कुणाचं कातडं नाही, याचं मला मनापासून समाधान आहे. १९६२ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी जॅकलिन केनेडी यांनी ओलेग कॅसिनीने केलेला बिबट्याच्या कातड्याचा कोट घातला. जगभरच्या बायकांना तसाच कोट हवासा झाला आणि त्यापायी बिबटे मारले गेले. कॅसिनीला पुढे त्याचा पश्चात्ताप झाला. १९७२ मध्ये आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३ मध्ये वॉशिंग्टनला वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार झाला. तरीही जानेवारी २००० मध्ये उत्तर प्रदेशात खागा इथे एकाच छाप्यात बिबट्यांची ७० कातडी आणि सुमारे १८,००० नखं सापडली. ती नखं कुणासाठी होती? आपल्याकडेही बाळाच्या गळ्यात, पुरुषांच्या साखळीत सोन्यात मढवलेलं वाघनख अभिमानाने घातलं जातं. खरं नख बाळगणं हा गुन्हा आहे आणि त्यामागे एक मेलेलं जनावर आहे, हे अशा घरांतही अजून उमगलेलं नाही. जाऊबाईंना लोकरीचे ठिपके खटकतात. वाघनख खटकायला हवं होतं.

नाशिकच्या बाईसाठी बिबट्या हा परदेशी जंगलातला प्राणी नाही. दारणेच्या, गोदावरीच्या काठच्या उसात तो राहतो, पिल्लं घालतो, अधूनमधून शहरातही शिरतो. आमच्याकडे निफाड तालुक्यातून भाजी घेऊन येणाऱ्या मावशींनी माझ्या अंगावर असा कार्डिगन पाहिला तेव्हा त्या मागे सरकल्या.

“बाई, ह्ये कशापायी घेतलं अंगावर? आमच्याकडं रातच्याला उसातून वाघ येतो. परवा दारातलं कुत्रं नेलं.”

त्यांच्या या बोलण्यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्यासाठी ते ठिपके म्हणजे अंधारात दारं लावून बसणं आहे, पोरांना एकटं बाहेर न सोडणं आहे. ज्या गावात बिबट्याने माणूस नेला आहे तिथे जाताना मी हा कार्डिगन घालणार नाही, आणि कुणी घालू नये. पण सुरगाणा, पेठ भागातली आदिवासी माणसं याच जनावराबरोबर पिढ्यानपिढ्या राहिली, त्यांनी त्याचा वाघदेव केला, वसुबारसेच्या दिवशी ती वाघबारस करतात, त्याला नैवेद्य दाखवतात. भीती आणि मान दोन्ही एकाच मनात राहू शकतात. मावशींनीही निघताना बाही चिमटीत धरून पाहिली आणि विचारलं, “ऊब हाये का पर ह्याला?”

ऊब किती, ते धाग्यावर असतं. बाजारातले बहुतेक ठिपक्यांचे कार्डिगन ॲक्रिलिकचे असतात. नाशिकच्या थंडीला ते पुरतात, धुवायला सोपे असतात, पण त्यांच्यावर लवकर गोळे येतात. लोकरीचं मिश्रण असलेला मिळाला तर थोडे जास्त पैसे द्या. आणि ॲक्रिलिकबद्दल एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. हा धागा ज्योतीजवळ गेला की पटकन पेट घेतो, वितळतो आणि कातडीला चिकटतो. खरी लोकर अशी पेटत नाही. तेव्हा पहाटे थंडी वाजते म्हणून कार्डिगन घालूनच गॅसपाशी उभ्या राहू नका, निरांजन ओवाळताना, शेकोटीजवळ बसताना तो काढून ठेवा. सैल बाही ही सगळ्यात धोक्याची.

धुताना कार्डिगन उलटा करा, बटणं लावा, गार पाण्यात रिठ्याच्या फेसात हलक्या हाताने खळबळा. पहिल्यांदा धुण्याआधी ओला पांढरा रुमाल काळ्या ठिपक्यावर दाबून बघा. रंग लागला तर एकट्यानेच धुवा, नाहीतर पिवळं अंग मळकट होतं. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढा आणि सावलीत आडवा पसरून वाळवा. दोरीवर टांगलात की खांदे ओघळतात आणि गोल ठिपके लांबुळके होतात. कपाटातही हँगरला नको, घडी घालून ठेवा, सोबत कडुनिंबाचा वाळका पाला. गोळे आले तर ओढून तोडू नका, बारीक कात्रीने कापा. असा सांभाळला तर कार्डिगन सात-आठ थंड्या सहज काढतो, आणि दरवर्षी नवा घेऊन टाकून देण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

वहिनींनी तो कार्डिगन मरून साडीवर, पदराखालून, पुढच्या भिशीला घातला. जाऊबाई काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दोघींनी मात्र कुठून घेतला म्हणून विचारलं. त्या बँकेत तो घालून जातात, काळारामाच्या दर्शनालाही जातात.

माझी विनंती जाऊबाईंना आहे. आपल्या प्रत्येकीच्या घरात एखादी असते, आणि कधीकधी ती आपणच असतो. नात्यातल्या बाईने हौसेने काही अंगावर घातलं तर तिचं वय काढू नका. रंग जुळत नसेल तर तसं सांगा, दुसरी साडी सुचवा, बटणपट्टी सरळ करून द्या. आणि जिच्या कपाटाच्या तळाशी असा एखादा ठिपक्यांचा कार्डिगन कुणाच्या शब्दाखातर दडपून ठेवलेला असेल, तिने तो या रविवारी बाहेर काढावा, दोन तास वाऱ्यावर पसरावा आणि सोमवारी घालून बाहेर पडावं.